बापाचा रंग लेकीला

१

मालकीणबाईंच्या टेबलावर कोंबडा आरवला तेव्हा ऑफिसात कुणालाही हसू आलं नाही. एरवी आलं असतं. टेबलाच्या काचेवर पाय घसरत असलेला तांबडाभडक कोंबडा आणि त्याच्यामागे छाती काढून उभे राहिलेले एक निवृत्त फौजदार, असा देखावा काही रोज बघायला मिळत नाही. पण बाईंचा चेहरा बघून सगळ्यांनी हसू गिळलं.

“ही तुमची कोंबडी,” फौजदार म्हणाले. “पेन्शनीत बसून घरची अंडी खावीत म्हणून पन्नास माद्या नेल्या. निम्म्या आरवतात. शेजारी विचारतात, साहेब, पुन्हा पहाटेची ड्यूटी लागली का?”

“एखाददुसरा नर चुकून जातो कधी,” बाई म्हणाल्या. गेले काही महिने अशा किरकोळ तक्रारी येत होत्या आणि बाई हेच उत्तर देत होत्या.

“एखाददुसरा नव्हे बाई, निम्मे! काम शून्य आणि नुसती ओरड. हे मी नोकरीत पुष्कळ बघितलंय, घरी कशाला बघू?”

रंगू दाराशी उभी होती. पिल्लं निवडायचं काम तिचं, म्हणून तिला बोलावलं होतं. अंड्यांच्या धंद्यात नराला कवडीची किंमत नसते. त्यामुळे पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की त्याच दिवशी नर कोण, मादी कोण हे ठरवावं लागतं, आणि ते नुसतं बघून भल्याभल्यांना जमत नाही. अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या या हॅचरीत मात्र कोंबड्यांची जातच अशी जुळवली होती की काम सोपं झालं होतं. बाप लाल, आई पांढरी. लाल पिल्लू निघालं की ती मादी, पिवळट पांढरं निघालं की तो नर. “बापाचा रंग लेकीला, आईचा रंग लेकाला,” असं रंगू येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायची. रंग बघून निवडते म्हणून तर सगळे तिला रंगू म्हणत.

ती पुढे आली. कोंबड्याची पिसं उलटसुलट करून बघितली. मुळापर्यंत लाल.

“बाई, हा आपला नाही,” ती म्हणाली. “आपल्याकडे लाल कोंबडा जन्मूच शकत नाही. मी निवडताना चुकले असते तर साहेबांकडे पांढरे कोंबडे निघाले असते. लाल कसे निघतील?”

आपली बाजू मांडली असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

“बरोबर!” बाईंचे जावई खुर्चीतून उठत म्हणाले. हिशेब आणि विक्री ते बघत. “आपला नाही, म्हणजे बाहेरचा. म्हणजे आपल्या खऱ्या माद्या कुणीतरी बाहेर काढल्या आणि त्यांच्या जागी बाजारातली लाल पिल्लं खोक्यांत भरली. आता सांगा सासूबाई, मशिनीतून निघालेलं पिल्लू पहिल्यांदा कुणाच्या हातात जातं?”

सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. बाई, ज्यांनी रंगूच्या आजारपणात स्वतः डबा पोचवला होता, त्या बाईसुद्धा तिच्याकडेच बघत होत्या.

“येत्या बॅचपर्यंत थांबते,” बाई म्हणाल्या. “तोवर खरं काय ते बाहेर आलं तर ठीक. नाहीतर मी तक्रार देणार. कुणाचंही तोंड बघणार नाही.”

२

“चौकशी मी करतो,” फौजदार म्हणाले होते. “फुकट. नाहीतरी माझी झोप या कोंबड्यांनी मोडलीच आहे.”

त्यांनी पहिली गाठ घेतली पहिलवानाची. पहिलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस. त्याला ते नाव देणाऱ्याने मनापासून चेष्टा केली होती. फाटकावर बसायचं आणि लाल कोंबडे, पांढऱ्या कोंबड्या ठेवलेल्या शेड सांभाळायच्या, हे त्याचं काम. फौजदारांना बघताच त्याची पाचावर धारण बसली.

“शेडमध्ये कुणी कोंबडा बदलला असेल?”

“तुम्हीच बघा ना साहेब. सगळे लाल. यांना मी नावानिशी ओळखतो. तो लंगडा दिसतोय ना, तो आमच्या सासऱ्यासारखा चालतो.”

“फाटकातून माल बाहेर जात असेल?”

“छाती ठोकून सांगतो, नाही. जाताना प्रत्येकाची पिशवी उघडतो मी. जावईसाहेबांचीसुद्धा. त्यावरून त्यांनी मला शिव्या दिल्यात.”

“आणि येताना?”

पहिलवान बघतच राहिला. “येताना कोण चोरी करतं, साहेब?”

फौजदार मिशीवरून हात फिरवत पुढे गेले. जावयाची गोष्ट वेगळी होती. जावई गोड बोलले, चहा मागवला, आणि बोलता बोलता नको ते बोलून गेले. या शेड म्हणजे पांढरा हत्ती आहे, त्या बंद कराव्यात आणि बाहेरून तयार अंडी विकत घेऊन उबवावीत, असं ते सासूबाईंना वर्षभर सांगत होते. सासूबाई ऐकत नव्हत्या. घरच्या जातीची बदनामी झाली तर मात्र ऐकल्या असत्या.

“आणि अंडी मशिनीत जाण्याआधी ज्या खोलीत ठेवतात तिची किल्ली?” फौजदारांनी विचारलं.

“दोनच आहेत. एक सासूबाईंकडे. एक तिच्याकडे,” जावई म्हणाले. ‘ती’ म्हणजे रंगू.

रविवारी रंगू मामाकडे जेवायला गेली. आई वारल्यापासून मामानेच तिला वाढवलं होतं. मामा त्या भागातला सर्वांत नावाजलेला हात. रंगाची जात येण्याआधी पिल्लाचा नर-मादीपणा हातानेच ओळखत. पिल्लू उलटं धरायचं, शेपटीखालची जागा अंगठ्याने हळूच उघडायची, आत मोहरीएवढा उंचवटा दिसला तर नर. निमिषभराचं काम, पण ते निमिष साधायला वर्षं घालवावी लागतात. मामा रेडिओवर गाणी ऐकत ऐकत ते करायचा आणि हजारात एखादं पिल्लूही चुकायचा नाही. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मग लाल-पांढरी जात आली, आणि रंगूने एका आठवड्यात जे शिकून घेतलं त्यापुढे उस्तादाचा जन्मभराचा हात फुकट गेला. मामा घरी बसला. पण रंगूवर त्याने कधी राग धरला नाही. उलट तेव्हापासून दर रविवारी तिला जेवायला बोलवायला लागला. स्वतः रांधायचा, आग्रह करकरून वाढायचा आणि जेवण झालं की तिला खाटेवर आडवं व्हायला लावायचा. आठवडाभर उभी असतेस, जरा पड, म्हणायचा. रंगूला वाटायचं, माहेर माहेर म्हणतात ते हेच.

त्या दिवशी तिला घास उतरेना. तिने सगळं सांगितलं आणि रडली.

“रंगावर विसंबलीस ना पोरी,” मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. “रंग काय, आज आहे उद्या नाही. पण तू घाबरू नकोस. मी आहे.”

अंगणात त्याचे पांढरे पक्षी दाणे टिपत होते. हॅचरीत नको असलेली पांढरी पिल्लं दर बॅचला मामाच घेऊन जायचा. बाकी कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं, त्यामुळे बाई त्याचे आभारच मानत.

सोमवारी बाईंनी निरोप धाडला. बॅच निघायची वेळ झाली होती आणि रंगाखेरीज दुसरा पुरावा हवा होता. त्यांनी उस्तादाला बोलावलं होतं.

३

पिल्लं निघायच्या मशिनीला फौजदारांनी स्वतःचं कुलूप ठोकलं होतं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यात अडकवली होती. सगळ्यांसमक्ष त्यांनी ती काढली. आत ट्रेवर ट्रे, आणि त्यात ओलसर, धडपडणारी, कलकल करणारी पिल्लं. कुणाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. आता यात लाल नर निघाले तर निदान पिल्लं बदलल्याचा आळ तरी रंगूवरून उतरणार होता.

मामा आपल्या जुन्या खुर्चीवर बसला. खुर्ची माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. त्याने दिवा जवळ ओढला, बाह्या सारल्या.

“आधी तो डावीकडचा खालचा ट्रे दे,” तो म्हणाला.

रंगूने लाल पिल्लं वेगळी करून त्याच्यापुढे ठेवली. मामाची बोटं चालू लागली. रंगूला लहानपणचे दिवस आठवले. तो असाच बसलेला असायचा आणि ती त्याच्या मांडीला टेकून बघत असायची. मादी, मादी, नर. बाई पुढे वाकल्या. नर, मादी, नर, नर. एका खोक्यात लाल नरांचा ढीग होऊ लागला. दोन-तीन रंगूनेही उघडून बघितले, तेवढं मामाने तिला शिकवलं होतं. शंकाच नव्हती.

मग बाकीचे ट्रे आले. त्यातली बहुतेक लाल पिल्लं नेमाप्रमाणे माद्याच होत्या. गडबड होती ती त्या एका ट्रेमध्ये आणि त्याच्या शेजारच्यात.

“मशिनीला कुलूप होतं,” फौजदार म्हणाले. “म्हणजे पिल्लं कुणी बदलली नाहीत. अंडीच बाहेरची होती. रंगूबाई पिल्लं विकत होत्या हा आरोप गेला.”

पण जावई लगेच म्हणाले, “अंड्यांच्या खोलीची किल्लीही तिच्याकडेच आहे.”

“आणि माझ्याकडे आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. “आणि माझी किल्ली घरातल्या खिळ्यावर असते, जावईबापू. बाहेरची अंडी आणायचा उत्साह आमच्या घरात कुणाला आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

जावयाने चार दिवसांपूर्वी दुसऱ्याकडे रोखलेलं बोट आता स्वतःच्या छातीवर आलं होतं.

मामा हात धुऊन उभा राहिला. “कुणी केलं ते तुमचं तुम्ही बघा, बाई. मी एवढंच सांगतो, रंग फसवतो. हात फसवत नाही.”

“खरंय उस्ताद,” बाई म्हणाल्या. “चुकलंच माझं. परवापासून या. ही खुर्ची तुमचीच. रंगूला हाताखाली घ्या.”

मामाचे डोळे भरून आले. रंगूचेही आले. सुटकेच्या आनंदात तिने मामाची पांढऱ्या पिल्लांची खोकी उचलून त्याच्या स्कूटरला बांधून दिली. फौजदार फाटकाशी उभे राहून त्या खोक्यांकडे बघत होते. स्कूटर दिसेनाशी झाली तरी बघत होते.

४

“रंगूबाई, मला तो रंगाचा मामला पुन्हा एकदा शिकवा,” फौजदार दुपारी म्हणाले. “मी अडाणी माणूस. मला गुन्हेगार कळतात, कोंबड्या कळत नाहीत.”

रंगू खुशीत होती. तिने लशीच्या बाटल्यांची टोपणं गोळा केली, काही लाल, काही पांढरी, आणि टेबलावर मांडायला घेतली.

“हे बघा साहेब. कोंबडा रंगाची दोन टोपणं बाळगतो. कोंबडी एकच. मुलाला दोघांकडून एकेक मिळतं. मुलीला फक्त बापाकडून. आई मुलीला हे टोपण देतच नाही.”

“आई लेकीला काही देत नाही? कठीण आहे.”

“आणि लाल आणि पांढरं एकत्र आलं की वरून पांढरंच दिसतं. लाल आत लपून राहतं. आता आपला बाप, लाल-लाल. आई, पांढरी. मुलगी झाली की तिला बापाचं लाल. मुलगा झाला की एक लाल, एक पांढरं, म्हणून दिसायला पांढरा. झालं.”

“मग माझ्याकडे आरवणारे ते लाल महाशय कोणत्या आई-बापांचे?”

रंगूने विचार केला. लाल नर व्हायला दोन्ही टोपणं लाल हवीत. म्हणजे आईकडचंही लाल. म्हणजे आई लाल कोंबडी.

“बाप?”

“बापही लाल असता तर सगळी पिल्लं लाल निघाली असती. त्या ट्रेमध्ये तर निम्मी पांढरी होती, नेहमीसारखीच. म्हणून तर कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.” ती टोपणं सरकवत होती. “म्हणजे बाप असा हवा की जो दिसायला पांढरा आहे, पण त्याच्या आत एक लाल लपलंय.”

“असा कोंबडा कुठे मिळतो?”

“कुठे म्हणजे?” रंगू हसली. “आपल्याकडचेच की. आपण टाकून देतो ते सगळे पांढरे नर तसेच…”

तिचं हसू अर्धवट राहिलं. फौजदारांनी लाल टोपण तिच्याकडे सरकवलं.

“आता पुरी मांडणी करा,” ते म्हणाले. “पांढरा बाप, आत लाल. लाल आई. मुलगे?”

“निम्मे पांढरे, निम्मे लाल.”

“मुली?”

“निम्म्या लाल. निम्म्या…” रंगूने पांढरं टोपण उचललं. “निम्म्या पांढऱ्या.”

“आपण सगळे लाल नरांच्या मागे धावलो,” फौजदार म्हणाले. “पांढऱ्या माद्यांचं कुणी विचारलंच नाही. तितक्याच असायला हव्यात, नाही का? त्या कुठे गेल्या?”

“पांढरी पिल्लं सगळी मामा नेतो.”

“हजारात एखादंही न चुकणारा माणूस,” फौजदार हलक्या आवाजात म्हणाले. “दर बॅचला पांढरी खोकी घरी नेतो. त्यातल्या कितीतरी माद्या. त्या त्याला कळल्या नसतील?”

“कळल्या असतील तर त्याने सांगितलं असतं!”

“तेच मी म्हणतोय, पोरी. सांगितलं असतं. आज सकाळी त्याने आधी कोणता ट्रे मागितला?”

रंगू उठली. तिला फौजदारांचा राग आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. “ज्या माणसाने मला वाढवलं त्याच्यावर तुम्ही संशय घेता? पोलीस तो पोलीसच!”

“माझा संशय खोटा ठरवा,” फौजदार म्हणाले. “मला आनंद होईल.”

५

ती तशीच तरातरा मामाच्या घरी गेली. रविवार नव्हता. मामा घरात नव्हता. अंगणात नेहमीचे पांढरे पक्षी फिरत होते. इतके दिवस तिने त्यांच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. पांढरा तो नर, हे तिच्या डोळ्यांत इतकं मुरलं होतं की पक्ष्याची शेपटी आणि तुरा बघायची गरजच वाटली नव्हती. आता तिने बघितलं. बुटका तुरा, गोल शेपटी. एक, आणखी एक, तिसरा.

कोपऱ्यातल्या टोपलीत एक पांढरा पक्षी बसला होता. तो कलकलाट करत उठला आणि रंगूने टोपलीत हात घातला. अंडं अजून गरम होतं.

मागच्या दाराला गोणपाट लावलेलं होतं. तिने ते बाजूला केलं. आत जाळीच्या खुराड्यात लाल कोंबड्या आणि त्यांच्यात ऐटीत फिरणारे पांढरे कोंबडे. भिंतीशी हॅचरीतल्यासारखेच ट्रे, त्यात ओळीने लावलेली अंडी.

“आज कशी आलीस?” मागून आवाज आला. मामा दारात उभा होता. त्याने तिच्या हातातलं अंडं बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. “कळलं होय. कळणारच. शेवटी शिकवलंय मीच.”

“नाही म्हण,” रंगू म्हणाली. “मामा, नाही म्हण ना.”

“कशाला खोटं बोलू?” तो खाटेवर बसला. “एक अंडं विकलं नाही मी. पांढरी पिल्लं न्यायला यायचो तेव्हा रिकाम्या खोक्यांत हे ट्रे यायचे. आत आणणाऱ्याला कोण विचारतो? हॅचरीची तेवढीच अंडी टरफलांच्या ड्रममध्ये फोडून टाकायचो. कुणाची चोरी नाही, लबाडी नाही.”

“लबाडी नाही?”

“उभा जन्म त्या खुर्चीवर काढला, रंगू. आणि काय दिलं मला? भिंतीवरचं घड्याळ! ज्याला वेळ घालवायला काम उरलं नाही त्याला घड्याळ देतात. मला एवढंच सिद्ध करायचं होतं, की रंग खोटं बोलतो. हाताशिवाय चालत नाही. बाईंनी आज कबूल केलं ना? सगळ्यांसमोर?”

“आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?”

“तो येईल असं मला वाटलंच नव्हतं. आईशपथ.”

“पण आला. मी इथे, याच खाटेवर बसून रडले. तेव्हा तुला माहीत होतं. तेव्हाच का नाही बोललास?”

मामाने नजर चुकवली. “आणखी एक बॅच निघायला हवी होती,” तो म्हणाला. “बाईंची खात्री पटायला. मग तुला सोडवणारच होतो. आणि सोडवलं की! माझ्याच हाताने सोडवलं.”

रंगूला वाटलं, याने आपल्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिला एक विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. उत्तर तिला अर्धं कळलंच होतं.

“किल्ली कुठली?”

“तुझ्याच पर्समधली. तू जेवून झोपलीस तेव्हा साबणावर ठसा घेतला आणि करून आणली.”

“कधी?”

“पहिल्याच रविवारी.”

“पहिल्याच,” रंगू म्हणाली. “मग पुढचे इतके रविवार? ते मला बोलावणं, ते आग्रह, ते जरा पड म्हणणं?”

“एकदम थांबवलं असतं तर तुला संशय आला असता,” मामा म्हणाला.

त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की आपण काय बोललो हे त्यालाही कळलं नसावं. रंगू मात्र मटकन पायरीवर बसली. आईच्या माघारी तिच्या वाट्याला जे माहेर आलं होतं ते या एका वाक्यात गेलं.

मग ती उठली. “मी बाईंना सांगणार. तिथे एका निर्दोष माणसावर आळ आहे. त्याने माझ्यावर घेतला होता, तरी निर्दोष आहे.”

मामाने तिला अडवलं नाही. ती निघताना त्याने बाईंसाठी एक निरोप मात्र दिला.

६

ऑफिसात बाई होत्या, जावई होते आणि फौजदार होते. रंगूने सगळं सांगितलं, टोपणांपासून साबणापर्यंत. सांगताना आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पांढरी कोंबडी तिने काखेत धरून आणली होती. बाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि दाराशी येऊन थांबलेल्या पहिलवानाकडे दिली.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे,” फौजदार म्हणाले. “तो ट्रे पहिल्यांदा मागितला नसता तर माझ्या डोक्यात आलं नसतं. पण आपला हात कधी एकदा चालवून दाखवतो असं झालं होतं त्याला.” हे सांगताना नेहमीसारखी मिशी मात्र त्यांनी पिळली नाही.

जावई उठून रंगूपुढे आले. त्यांना माफी मागायची होती, पण सवय नसल्यामुळे शब्द सापडेनात. “मी जरा घाईच केली,” एवढं म्हणून ते बाहेर गेले.

“घाई त्यांनी एकट्यांनी नाही केली,” बाई म्हणाल्या. त्यांनी रंगूला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. “मी तुला इतकी वर्षं बघितलंय, आणि तरी त्या दिवशी तुझ्याकडे तसं बघितलं. ते मला विसरता येणार नाही. तुलाही येणार नाही.”

“नाही येणार, बाई,” रंगू म्हणाली. खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

“तक्रार द्यायची का?”

“तुमची अंडी, तुमचं नाव. तुम्ही ठरवा.”

“त्याला खुर्ची मी देऊ केली ती परत घेते. बाकी नंतर बघू.” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जुन्या माणसाची कीव त्यांच्या आवाजात आलीच. “निघताना काही म्हणाला का तो?”

“म्हणाला, नीट सांग. नाहीतर लोक म्हणतील म्हातारा चुकला. बाईंना एवढं नक्की सांग, की माझा हात एकदाही चुकला नाही.”

“आणि तुला?” बाईंनी विचारलं. “तुला काय म्हणाला?”

रंगू दाराबाहेर बघत होती. मामाचा निरोप ऐकून झाल्यावर ती पायरीवर उभीच राहिली होती, तो आणखी काही म्हणेल म्हणून. तो कोंबड्यांना दाणा घालायला निघून गेला होता.

“मला काही नाही म्हणाला, बाई.”